क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. मग इचिरो सुझुकी एवढा मोठा का?

तुम्ही विचारलंय: क्रिकेट चांगलं कळतं, बेसबॉल अजिबात नाही. इचिरो सुझुकीला अमेरिकेतल्या बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली असं वाचलं. पण आउटफिल्डर म्हणजे आपल्याकडचा सीमारेषेवरचा माणूस. त्याची कारकीर्द एवढी मोठी कशी?

हाच प्रश्न मला २००३ साली पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लग्न होऊन मी साताऱ्याहून सिएटलजवळच्या रेडमंडला आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा ऑफिसला गेला की घर खायला उठायचं. माहेरी वडील आणि भावांबरोबर क्रिकेट बघत वाढलेली मी. टीव्हीवर मैदान दिसलं की चॅनल बदलायला हात धजायचा नाही. इथे जवळजवळ रोज एकच संघ दिसायचा, सिएटल मरिनर्स. रोज म्हणजे खरोखर रोज. हंगामात १६२ सामने असतात.

एका सामन्यात फलंदाजाने उंच टोलवलेला चेंडू ५१ नंबरच्या खेळाडूने, म्हणजे इचिरोने, दूर उजवीकडे झेलला. फलंदाज बाद. माझ्या हिशेबाने विषय संपला होता. पण प्रेक्षक उभे राहिले आणि सगळे तिसऱ्या बेसकडे बघायला लागले. तिथे उभा असलेला दुसऱ्या संघाचा खेळाडू धावायच्या पवित्र्यात वाकला होता, दोन पावलं पुढे आला आणि माघारी फिरला. एवढंच घडलं. तेवढ्यावर टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या कशासाठी होत्या हे समजायला मला महिना लागला, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. क्रिकेटमध्ये झेल झाला की खेळ तिथे थांबतो. बेसबॉलमध्ये थांबत नाही. बेसवर आधीच पोचलेला खेळाडू झेलणाऱ्याचा हात चेंडूला लागेपर्यंत बेसला पाय लावून उभा राहतो आणि हात लागताच पुढच्या बेसकडे सुटू शकतो. म्हणजे आउटफिल्डरचं झेल घेणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं त्याच्या खांद्यात असतं.

आता मैदान डोळ्यांसमोर आणा. चार बेसचा चौकोन, प्रत्येक बाजू ९० फूट, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर. फलंदाज जिथे उभा असतो ती होम प्लेट. तिथून मैदानाकडे बघितलं तर पहिला बेस उजव्या हाताला, तिसरा डाव्या हाताला, दुसरा समोर. चौकोनाच्या पलीकडे मोठं गवत, त्यात फक्त तिघे: लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्डमध्ये. सेंटरवाल्याला पाय लागतात, त्याचा इलाखा सगळ्यात मोठा. राइटवाल्याला हात लागतो, कारण तिथून तिसरा बेस सगळ्यात लांब पडतो. पहिल्या बेसवरचा खेळाडू एका हिटवर (म्हणजे फलंदाज सुरक्षित बेस गाठतो अशा फटक्यावर) दुसरा ओलांडून तिसरा गाठणार की नाही, हे राइट फील्डमधला माणूस ठरवतो. इचिरो राइट फील्डचा.

आता ती प्रसिद्ध फेक. ११ एप्रिल २००१, ओकलंडचं मैदान, आठवा डाव. इचिरोचा अमेरिकेतला पहिला हंगाम सुरू होऊन जेमतेम दीड आठवडा झाला होता. पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग, पळायला चपळ. फलंदाजाने चेंडू राइट फील्डकडे मारला. लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे निघाला, आणि त्याचा निर्णय चुकीचा नव्हता. अशा वेळी कुणीही निघालं असतं. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला. चेंडू टप्पा न पडता, जमिनीला जवळजवळ समांतर, तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या हातमोज्यात गेला. लाँग पोचला तेव्हा चेंडू घेतलेला हातमोजा तिथे वाट बघत होता. लाँग बाद. मला बाद करायला अचूक फेकच लागणार होती आणि ती अचूकच होती, असं लाँग नंतर म्हणाला. मरिनर्सचे समालोचक रिक रिझ यांनी त्या फेकीला लेझरची उपमा दिली आणि ती कायमची चिकटली.

त्या दिवसानंतर लोक इचिरोवर धावेनासे झाले. मी सुरुवातीला सांगितलेला, दोन पावलं टाकून परत फिरलेला खेळाडू याच भीतीने परत फिरला होता. ही न घेतलेली धाव कुठल्याही धावफलकावर येत नाही. आउटफिल्डर जितका चांगला, तितक्या कमी वेळा त्याला फेक करावी लागते. नुसते आकडे बघून त्याची कारकीर्द मोजणं म्हणूनच अवघड जातं.

आता हा माणूस आला कुठून ते बघू.

जन्म २२ ऑक्टोबर १९७३, जपानमधल्या आयची प्रांतातलं तोयोयामा, नागोयाच्या जवळ. वडील नोबुयुकी यांनी मुलाला सातव्या वर्षापासून रोज मैदानावर नेलं. फेकणं, झेलणं, शेकडो चेंडू मारणं, हे दररोज. मुलगा जन्मतः उजवा. वडिलांनी त्याला बॅटिंग डाव्या हाताने करायला लावली, कारण डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या दोन पावलं जवळ उभा असतो. सहावीतल्या निबंधात इचिरोने लिहिलं होतं की वर्षातले ३६० दिवस मी कसून सराव करतो आणि पुढे व्यावसायिक खेळाडू होऊन दहा कोटी येनच्या वर करार मिळवीन. ऐकायला छान वाटतं. पण मोठेपणी त्याने हेही सांगितलं की तो सराव छळाच्या हद्दीपर्यंत जायचा आणि त्याने खूप सोसलं. मी स्वतः आई आहे. हा भाग कौतुकाने सांगितला जातो तेव्हा मला त्रास होतो. मुलगा इचिरो निघाला म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही.

१९९१ मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत कोबेच्या ऑरिक्स ब्लूवेव्ह संघाने त्याला घेतलं, तेही चौथ्या फेरीत. अंगाने बारीक, त्यात बॅटिंगची तऱ्हा विचित्र: पुढचा पाय लंबकासारखा हलवत, शरीराचा भार पुढे नेत फटका. तेव्हाच्या प्रशिक्षकांना ती शैली पसंत नव्हती. १९९३ मध्ये त्याने पहिला होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला तो हिदेओ नोमोला, म्हणजे तेव्हाच्या जपानमधल्या सगळ्यात धाकाच्या पिचरपैकी (पिचर म्हणजे इथला गोलंदाज) एकाला, आणि त्याच दिवशी त्याला पुन्हा दुय्यम संघात धाडलं गेलं. दोन वर्षं अशीच वर-खाली गेली.

१९९४ ला अकिरा ओगी प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. शैली आहे तशी राहू दिली आणि जर्सीवर 'सुझुकी' ऐवजी 'इचिरो' लिहायला लावलं. सुझुकी हे जपानमध्ये आपल्या पाटील-जाधवांसारखं घरोघरी सापडणारं आडनाव. वीस वर्षांच्या त्या पोराने १३० सामन्यांच्या त्या हंगामात २१० हिट्स मारल्या. हंगामात दोनशेच्या वर जाणारा तो जपानमधला पहिला. सरासरी ०.३८५.

(बेसबॉलची सरासरी म्हणजे संधी मिळाली त्यातल्या किती वेळा सुरक्षित हिट मारली. दहातून तीनदा जमलं तर खेळाडू उत्तम. म्हणजे उत्तम खेळाडूही दहातून सातदा मान खाली घालून परत येतो. शतक ठोकून दिवसभर खेळपट्टीवर राहण्याची सोय या खेळात नाही.)

त्या वर्षापासून सलग सात वर्षं लीगमधली सर्वोत्तम सरासरी त्याचीच. पण कोबेच्या लोकांना आठवतं ते १९९५. १७ जानेवारीच्या पहाटे भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली, शहर मोडून पडलं. ऑरिक्सने जर्सीच्या बाहीवर 'गानबारो कोबे', म्हणजे धीर धरून उभे राहू या, असं लिहिलं, कोबेतच सामने खेळले आणि त्या वर्षी पॅसिफिक लीग, म्हणजे जपानमधल्या दोन लीगपैकी त्यांची लीग, जिंकली. पुढच्या वर्षी योमिउरी जायंट्सना हरवून दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली जपान सीरिजही जिंकली.

२००० च्या नोव्हेंबरात सिएटलने फक्त त्याच्याशी बोलणी करण्याच्या हक्कासाठी ऑरिक्सला एक कोटी एकतीस लाख डॉलर मोजले. तोवर जपानमधून अमेरिकेत जाऊन नाव कमावलेले होते ते पिचर. रोज बॅटिंग करणारा जपानी खेळाडू तिथे टिकेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. त्याला मिळालेला ५१ नंबर आधी रँडी जॉन्सनचा होता, सिएटलचा लाडका, उंचापुरा पिचर. इचिरोने जॉन्सनला निरोप पाठवला की या नंबरला कमीपणा आणणार नाही.

पहिल्याच वर्षी २४२ हिट्स, ०.३५० सरासरी, ५६ बेस चोरले (म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब एकाच हंगामात. हे त्याच्याआधी फक्त फ्रेड लिनला १९७५ मध्ये जमलं होतं. संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. त्याच २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ होमरन मारले हे लक्षात घ्या. तो काळ दंडाच्या ताकदीचा होता, चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याचा. त्या काळात हा ऐंशी किलोच्या आतला माणूस चेंडू दोन खेळाडूंच्या मधल्या फटीत सरकवत होता, आणि फटका लागता लागताच त्याचे पाय पहिल्या बेसकडे निघालेले असायचे. चेंडू साधा जमिनीवरून क्षेत्ररक्षकाकडे गेला तरी त्याला घाई करावी लागायची. सुमारे पावणेचार सेकंदांत इचिरो बेसवर.

१ ऑक्टोबर २००४ ला मी मैदानात होते. त्या वर्षी संघाचे हाल होते, हंगामाअखेर ९९ पराभव. पण त्या संध्याकाळी मैदान भरलं होतं, कारण एका हंगामात २५७ हिट्सचा जॉर्ज सिस्लरचा विक्रम १९२० पासून उभा होता आणि इचिरो २५६ वर होता. आम्ही राइट फील्डच्या मागच्या बाकांवर, थंडीने आखडून बसलो होतो. पहिल्या डावात एक हिट, बरोबरी. तिसऱ्या डावात चेंडू मधोमध, पिचरच्या बाजूने पलीकडे गेला. आतषबाजी झाली, सगळा संघ पहिल्या बेसवर त्याच्याभोवती जमला. मग तो एकटा प्रेक्षकांच्या कठड्याकडे चालत गेला. तिथे पहिल्या रांगेत सिस्लर यांची एक्याऐंशी वर्षांची मुलगी आणि घरचे लोक बसले होते. त्याने टोपी काढली, वाकून प्रत्येकाशी हात मिळवला. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ रडत होते. मीही रडले. आपलं घर सोडून परक्या मुलखात आलेला माणूस तिथल्या जुन्या माणसांचा असा मान ठेवतो, हे त्या दिवसांत मला कुणाहीपेक्षा जास्त लागलं असेल. त्याच्या २६२ हिट्स हा विक्रम आजही आहे.

एक आक्षेप तुमच्या वाचनात येईल, तो आधीच सांगते. त्या २६२ पैकी २२५ एकेरी, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणाऱ्या, होत्या. अमेरिकेतल्या अख्ख्या कारकिर्दीत होमरन ११७. पिचरचे वाईट चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवण्याइतका धीर तो धरायचा नाही, चांगल्या-वाईट सगळ्या चेंडूंना बॅट लावायचा. नुसत्या बॅटिंगच्या हिशेबात हा आक्षेप मला खरा वाटतो. तेव्हाचे मोठे होमरनवाले संघाला जास्त धावा मिळवून देत. मात्र तो हिशेब राइट फील्डमध्ये घडणारं मोजायला कमी पडतो, आणि माझा मुद्दा तिथेच आहे.

आउटफिल्डरकडे सामन्यात चेंडू येतो दोन-चार वेळा. कधी एकदाही नाही. टीव्हीचा कॅमेरा पिचर आणि फलंदाजावर असतो, त्यामुळे मधल्या अडीच-तीन तासांत आउटफिल्डर काय करतो हे घरी बसून कधीच कळत नाही. आम्हाला परवडायची ती तिकिटं नेमकी त्याच्या पाठीमागची, म्हणून मला ते दिसलं. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो उकिडवा बसायचा, मांड्या ताणायचा, खांदे फिरवायचा. फलंदाज बदलला की चार पावलं सरकायचा. डाव सुरू होण्याआधी सेंटर फील्डरशी लांबवरून फेकाफेक करायचा, आणि त्या सरावाच्या फेकीही सामन्यातल्याच वाटाव्यात इतक्या मन लावून. संघ दहा धावांनी मागे असला तरी यात फरक नसायचा. २००४ च्या पडेल हंगामात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, मी त्याला एकदाही हात कमरेवर ठेवून उभं राहिलेलं पाहिलं नाही.

सामना संपला की स्वतःचा हातमोजा स्वतः पुसायचा, तेल लावायचा. बॅट्स दमट हवेने जड होऊ नयेत म्हणून खास पेटीत ठेवायचा. सलग दहा वर्षं, २००१ ते २०१०, प्रत्येक हंगामात दोनशेच्या वर हिट्स आणि प्रत्येक हंगामात उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह. मधे २००९ मध्ये जपानला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जिंकून देणारी, अंतिम सामन्यातल्या दहाव्या डावातली हिट त्याचीच, आणि त्यानंतर पोटात रक्तस्राव होणारा व्रण निघाला म्हणून हंगामाचे पहिले काही सामने त्याला बसावं लागलं. तरी त्या वर्षीही दोनशे पार.

२०११ ला १८४ वर गाडी थांबली. आउटफिल्डरचे पाय जातात तेव्हा असंच होतं, आधी एखादी फट बुजते, मग दुसरी. जुलै २०१२ मध्ये सिएटलने त्याला न्यूयॉर्क यँकीजना दिलं, आणि योग असा की यँकीज त्याच दिवशी सिएटलमध्येच खेळत होते. तो पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममधून बाहेर आला, अंगात ३१ नंबर, कारण यँकीजमध्ये ५१ हा बर्नी विल्यम्सचा. प्रेक्षक उभे राहिले. त्याने टोपी काढून वाकून नमस्कार केला. तोवर मला नोकरी लागली होती, मुलगा शाळेत जात होता. आम्ही दोघं घरी टीव्हीसमोर उभे राहिलो.

पुढे मायामीत तो राखीव आउटफिल्डर म्हणून खेळला, चाळिशी ओलांडून. ७ ऑगस्ट २०१६ ला डेन्व्हरमध्ये तीन हजारावी हिट मारली. अमेरिकेतल्या एकूण हिट्स ३,०८९, जपानमधल्या १,२७८. दोन्हींची बेरीज करून अमेरिकेतल्या विक्रमी, पीट रोझच्या ४,२५६ शी तुलना करायची का, यावर लोक अजून भांडतात. मला त्या बेरजेची गरज वाटत नाही. सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात करून तीन हजार, एवढं पुरे आहे.

मतांचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये एक मत कमी पडलं. ज्याने मत दिलं नाही त्याला घरी बोलावून त्याच्याबरोबर एक पेला घ्यायला आवडेल, असं तो म्हणाला. जुलैमध्ये कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, त्याने इंग्रजीत भाषण केलं. त्यात हिट्सबद्दल थोडंच होतं. हातमोज्याची निगा राखण्याबद्दल होतं. हंगाम नसतानाही खांदा तयार ठेवला, म्हणून रिक रिझना लेझरसारखी फेक असं ओरडता आलं, हेही होतं. मी मुलाला म्हटलं, बघ, मला मागच्या बाकांवरून दिसलं होतं ते हेच.

शेवटचा सामना मात्र टोकियोत झाला, २१ मार्च २०१९. तोवर तो पुन्हा सिएटलकडे आला होता आणि सिएटलच्या हंगामाची सुरुवात तिथे होती. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी चहा करून बसले. तो पंचेचाळीस वर्षांचा, केस पांढरे. चार वेळा बॅटिंगला आला, चारही वेळा रिकामा गेला. आठव्या डावात तो नेहमीप्रमाणे धावत राइट फील्डमध्ये गेला, जागेवर उभा राहिला, आणि मग प्रशिक्षकांनी त्याला माघारी बोलावलं. आधीच बाकावर बसवता आलं असतं. त्यांनी त्याला आधी तिकडे जाऊ दिलं. तो गवतावरून सावकाश परत येत होता तेव्हा टोकियो डोम उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्या दिवशी अमेरिकेच्या लीगमधला पहिलाच सामना खेळणारा सिएटलचा जपानी पिचर युसेई किकुची त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. माझ्या खिडकीबाहेर अजून अंधारच होता.